कुणाचंच नसलेलं नाव

दुसरी मृण्मयी मागे वळली तेव्हा लेखिकेने गॅलरीतून मान आत घेतली आणि कपाळावर हात मारला. झालं, हेही नाव गेलं.

खाली सकाळची शाळा सुटली होती. शाळा सुटली की लेखिका गॅलरीत यायची, गर्दीत एका मुलीच्या नावाने हाक मारायची आणि कोण वळतंय ते बघायची. एक जरी मान वळली तरी नाव बाद. समोरच्या दुकानातल्या शिंपीकाकांना याची आता सवय झाली होती. मशीन न थांबवता ते विचारायचे, आज कोण हरवलंय? काल ती ओजस्विनी म्हणून ओरडली, तर एकही मुलगी वळली नाही. पण एका गृहस्थांची कुत्री शेपटी हलवत जिन्यापर्यंत आली. काका दिवसभर हसत होते.

हा खटाटोप उगाच नव्हता. मागच्या कादंबरीत तिने एक चहाडखोर बाई रंगवली होती. पुस्तक बाजारात आलं आणि त्याच महिन्यात तिच्या जिवलग मैत्रिणीच्या घरी सून आली. नाव अगदी तेच. मैत्रिणीला वाटलं, हिने मुद्दाम केलं. लाख समजावलं, पण ती ऐकेना. शाळेपासूनची मैत्री एका नावापायी तुटली. लेखिका त्या दिवशी जेवली नाही. तेव्हाच तिने कानाला खडा लावला: यापुढे कादंबरीतल्या आपल्या मुलीला नाव देईन ते असं, जे कुणाचंच नाही.

आणि या वेळची मुलगी तर तिची फार लाडकी होती. ट्रक चालवणारी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी. पुस्तकाला तिचंच नाव द्यायचं होतं. मुखपृष्ठ त्यावाचून अडलं होतं. प्रकाशकाने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, की आज संध्याकाळपर्यंत नाव कळलं नाही तर तो आपल्या मनाने 'ट्रकवाली' छापून मोकळा होईल. लेखिकेच्या अंगावर काटा आला होता.

घरात सगळ्यात जास्त घाई झाली होती ती बेबीआत्याला. ही लेखिकेच्या नवऱ्याची आत्या. वय ऐंशीच्या घरात, पण लहानपणी बेबी नाव पडलं ते पडलंच. एकदा दवाखान्यात नर्स तिचा केसपेपर हातात घेऊन वॉर्डभर तान्हं बाळ शोधत फिरली होती. आत्याला ऐकू कमी यायचं. दहा हाका मारल्या तरी ढिम्म. तिचे कान तिच्या मर्जीचे आहेत, असं नवरा म्हणायचा. कादंबरीचं प्रत्येक प्रकरण मात्र ती लेखिकेच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकायची, आणि संपलं की एकच विचारायची.

"पोरीचं नाव ठरलं का गं? बिननावाची किती दिवस फिरवणार तिला?"

दुपारी लेखिका सिंकपाशी उभी राहून दुधाचं पातेलं घासत होती. डोकं चालेनासं झालं की ती भांडी घासायची. हे पातेलं जाड बुडाचं, बसकं. आत्या या घरात राहायला आली तेव्हा येताना घेऊन आली होती. बुडाला अक्षरं कोरलेली होती. नवऱ्याला त्या पातेल्याचं भारी कौतुक. माल बनवावा तर या कंपनीने, आपल्या जन्माआधीचं भांडं पण एक पोचा नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लेखिकेने ती अक्षरं हजारदा वाचली असतील. आज वाचली आणि तिचा साबणाचा हात थांबला.

तारावली.

तिने पुन्हा वाचलं. मग ओल्या हातानेच ती बाहेर गेली आणि नवऱ्याला सांगितलं. तो खो खो हसला. पातेल्याच्या कंपनीचं नाव नायिकेला? उद्या कंपनीवाले दारात आले तर?

"कंपनी कधीच बुडाली असेल," ती म्हणाली. "या नावावर हक्क सांगायला आता कोण येतंय?"

नवऱ्याने दोनतीनदा ते नाव पुटपुटून पाहिलं. ट्रकच्या पाठीवर रंगवलं तर झकास दिसेल, असं म्हणाला. म्हणजे त्यालाही आवडलं होतं.

दुपारची शाळा सुटली. आत्या आत तेच पातेलं गॅसवर ठेवून दुधावर नजर ठेवून होती. लेखिका गॅलरीत आली. हे नाव गेलं असतं तर तिच्याकडे दुसरं नव्हतं.

तिने हाक मारली. मुली आपापल्या गप्पांत पुढे गेल्या. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. एक आजोबा छत्री सावरत थांबले, पण त्यांना नुसता रस्ता ओलांडायचा होता. तिसऱ्यांदा तिने अगदी बेंबीच्या देठापासून हाक मारली. रस्त्यावर एकही मान वळली नाही. ओजस्विनीसुद्धा मालकामागून निमूट निघून गेली. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि दोन्ही हात हलवून खूण केली. कुणीच नाही.

लेखिकेला इतका आनंद झाला की तिने तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. नाव सांगितलं. त्याला इतकं आवडलं की त्याने फोन चालू असतानाच छापखान्याला निरोप दिला. तिने फोन ठेवला आणि सुखाने एक मोठा श्वास घेतला. आता कुणाची सून दुखावणार नव्हती, कुणाची मैत्री तुटणार नव्हती.

आतून दूध करपल्याचा वास आला. ती लगबगीने वळली, तर गॅलरीच्या दारात बेबीआत्या उभी होती. पदराला हात पुसत, पहिल्यांदा पावडर लावून निघालेल्या मुलीसारखी लाजलेली.

"पहिल्याच हाकेला ऐकू आलं गं मला," ती म्हणाली, "पण आई गेल्यापासून या नावानं कुणी बोलावलंच नाही, म्हणून जरा खात्री करून घेत होते."