फिरव गाडी

बीट लादलेल्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत होती. दोन्ही बाजूंना उंच झाडोऱ्याची कुंपणं, पुढे जायला वाव नाही. शेजारी बसलेला विल्फ्रेड मुलीला गिअर कधी बदलायचा ते सांगत होता. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. नजर अधू झाल्यापासून दुसऱ्याच्या हातातलं चाक त्याला बघवत नसे. जिलियन ऐकून न ऐकल्यासारखं करत होती.

डर्बी सोडल्यापासून त्यानं डोरीनचं नाव काढलं नव्हतं. बागकामाच्या एका मासिकात त्यानं वाटाण्यावरच्या किडीबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं ते समुद्रकाठच्या क्रोमर गावातल्या या डोरीनचं. तेव्हापासून दीड वर्षं दर आठवड्याला पत्र. आज तीन वाजता, धक्क्याजवळच्या बाकावर, दोघं पहिल्यांदा भेटणार होती. जिलियनची आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

"फिरव गाडी," विल्फ्रेड एकदम म्हणाला.

"का?"

"ऐंशीव्या वर्षी माणसानं घरी बसावं. तिला फोन कर. बरं नाही म्हणून सांग."

हेच ऐकायला जिलियन सकाळपासून टपली होती. डाव्या हाताला शेताचं फाटक होतं, समोर गाडी वळवायला ऐसपैस जागा. तिनं गाडी तिथं घातली आणि मागे बघायला मान वळवली, तेव्हा तिला त्याची हनुवटी दिसली. जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा पट्टाच्या पट्टा राहून गेला होता. आई होती तोवर रोज सकाळी ती त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची.

जिलियननं इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरच्या बॅगेतून त्याचं दाढीचं सामान काढलं, बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं.

"आता हे काय?"

"मान वर करा."

"फोन करतेस ना?"

"बाबा, मान वर करा. अशा अर्ध्या दाढीनं आईनं तुम्हाला दूधवाल्यासमोरही जाऊ दिलं नसतं."

विल्फ्रेडनं मान वर केली. त्यानं डोळे मिटून घेतले. गळ्याची सैल कातडी बोटानं ताणत ती हळूहळू वस्तरा फिरवत राहिली. एकदा त्यानं आवंढा गिळला, तेव्हा ती थांबली. मग पुन्हा सुरू केलं. फाटकापलीकडून एक गाय दोघांकडे बघत होती.

क्रोमरला वारा सुटला होता. जिलियन गाडीतच बसून राहिली. विल्फ्रेड टोपी हातात घेऊन बाकाजवळ गेला आणि तसाच उभा राहिला. हिरव्या रेनकोटातल्या जाडशा बाईनं वर पाहिलं.

मग तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या फळीवर हातानं दोनदा थोपटलं.