एक ते दहा

गिरजाबाईंच्या पोटात हर्नियासाठी बसवलेली जाळी आतून टोचायची आणि अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या डॉक्टरांना ते इंग्रजीत सांगायला मुलगा विवेक जायचा. “दुखणं एक ते दहात किती?” डॉक्टर दर वेळी विचारायचे. “सांग त्यांना, आत विळी फिरतेय,” आई म्हणायची. मोठा आकडा सांगितला की तपासण्या आल्या, ऑफिस बुडालं, म्हणून विवेक “दोन” सांगून मोकळा व्हायचा. शेवटी जाळी आतड्यात घुसली. आज सरकारी भरपाईची सुनावणी होती. अधिकाऱ्याचा प्रश्न दुभाषी बाईंनी मराठीत विचारला, “मावशी, तुमच्या फाइलमध्ये दर वेळी दोनच लिहिलंय. एवढ्याशा दुखण्याला भरपाई मिळत नाही. हा आकडा कोणी सांगितला?” आईने पोटावर हात ठेवून विवेककडे पाहिलं. “मीच,” ती म्हणाली. बाईंनी भाषांतर केलं. आईचं बोलणं पहिल्यांदाच इंग्रजीत जसंच्या तसं पोहोचलं.