चिमण्यांची धूळ-अंघोळ

माळ्याने नको तिथे पाइप सोडला आणि चिमण्यांच्या अंघोळीचा चिखल झाला.

पाखरूमास्तरांनी कपाळाला हात लावला. उद्यानातले उन्हाळी कार्यक्रम त्यांच्याकडे होते. फुलपाखरांच्या फेरीला एकच बाई आली होती, तीही स्वच्छतागृह शोधत. झाडं ओळखायच्या खेळात मास्तर एकटेच होते, त्यामुळे तेच जिंकले. "आज माणसं दिसली नाहीत," उद्यानाच्या मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या, "तर उद्यापासून पार्किंगमध्ये उभं राहून शिट्टी वाजवा. पाखरांचा आवाज छानच काढता तुम्ही."

आज होती चिमण्यांची धूळ-अंघोळ. चिमण्या कोरड्या धुळीत लोळतात, पंख फडफडवतात, अंगावरचे किडे झटकतात. त्यासाठी मास्तरांनी खड्डा करून चाळलेली माती भरली होती. आता त्यात बेडूक बसला होता.

त्यांनी कँटीनवाल्याला फोन लावला. "भट्टीतली राख हवी. डबाभर. चाळून."

"कशाला, तोंडाला फासायला?"

"नोकरीचा प्रश्न आहे रे बाबा!"

"बरं, पाठवतो कुणाच्या तरी हाती."

मास्तरांनी झाडाखाली कोरड्या जागी मोठी परात मांडली. तळ्याच्या काठावर होडीवाला बसला होता. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. याला आज कोण बघायला येणार आहे, मास्तरांना प्रश्न पडला.

इतक्यात फाटकाकडून माणसं आली. एकदोन नाही, चांगला घोळका. पुढे एक आजी आणि आजींच्या हातात डबा.

"तुम्हीच का आमची वाट बघताय?" आजींच्या मुलाने हळू आवाजात विचारलं.

"सकाळपासून! राख आणलीत ना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजींनी डबा छातीशी धरला.

"द्या इकडे. उन्हं चढली की कोणी येत नाही मग."

"हलक्या हाताने हं," आजी म्हणाल्या.

डबा चकचकीत होता, झाकणाला रेशमी फीत. कँटीनवाल्याने जन्मात पहिल्यांदा काहीतरी नीट केलं होतं.

"पण ऑफिसात तर म्हणाले, तळ्यावर जा," सूनबाई पुटपुटली.

"तळ्यावर काय आहे? डास! इथे कशी छान सावली आहे."

"बरंच झालं," आजी म्हणाल्या. "पाण्याची फार भीती."

"इथे पाण्याचा थेंब नाही, आजी. सगळं कोरडं काम."

मास्तरांनी डबा परातीत उपडा केला, बुडाला दोन थापा मारल्या, बोटांनी राख सारखी केली. "झकास! थोडे खडे आहेत, पण चालतंय."

सूनबाईने रुमालात तोंड खुपसलं.

"आता अगदी गप्प बसायचं."

ते आधीपासूनच गप्प होते. कुणी फोटो काढेना, कुणी चिप्स खाईना. मास्तरांना शंका आली. वरच्या ऑफिसने तपासणीला तर नाही पाठवली ही मंडळी? तपासणीवालेच असे सुतकी चेहऱ्याने बसतात.

एक चिमणी उतरली. मग दुसरी. मग थवाच. राखेत लोळणं काय, गिरक्या काय, नुसता धुरळा!

"बघा," मास्तर रंगात आले. "उवा, गोचिड्या, सगळं गळून पडतं. नवा जीव येतो अंगात."

"नवा जीव," आजी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. मुलगा सटासट शिंकला.

"नाकात गेली वाटतं. जाऊ दे, सगळ्यांच्याच जाते थोडी."

"आता ह्या कुठे जाणार?" मुलाने विचारलं.

"कुठेही! झाडांवर, छपरांवर, मॅडमच्या खिडकीत. एक तर रोज त्यांच्या फायलीवर शिटते."

सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. मग आजी खदखदून हसल्या. "तेवढंच राहिलं होतं बाई! जन्मभर साहेबांपुढे मान खाली घातली!"

आजी कुठल्या ऑफिसात होत्या कोण जाणे. पण घोळकाच्या घोळका हसत होता, रडत होता, एकमेकांच्या गळ्यात पडत होता. चिमण्या बघून लोकांचं असं होतं? मास्तरांचं डोकं चालेना. वर खिडकीत मॅडमनी मात्र सगळी माणसं डोळे भरून पाहिली आणि अंगठा दाखवला. पार्किंग टळलं होतं.

आजींनी रिकामा डबा पदराने पुसून पिशवीत ठेवला. तो कँटीनला परत द्यायचा असतो, हे सांगायचं मास्तरांच्या जिवावर आलं.

"पुन्हा करता का हो असं?"

"आता दर रविवारी!"

"शेजारणीला सांगते मग. तिचा डबा कधीचा कपाटात पडून आहे."

मास्तरांना भरून आलं. निसर्गप्रेम घरोघरी पोचलं होतं, तेही चाळून, डब्यात भरून.

मंडळी फाटकाबाहेर गेली. मास्तर शीळ घालत परातीशी बसले. एक चिमणी अजून उताणी लोळत होती.

"घ्या तुमची राख!" मागून आवाज आला. कँटीनवाला धापा टाकत उभा होता, हातात पोचा आलेला तुपकट डबा. "भट्टी निवेना, म्हणून उशीर झाला."

मास्तरांनी एकदा त्या डब्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे.

तेवढ्यात तळ्याकडून होडीवाला धावत आला. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला.

"मास्तर, एक आजी आणि त्यांची माणसं दिसली का हो? कधीचा होडी लावून बसलोय. त्यांच्या आजोबांना तळ्यात सोडायचंय."