तिसरा पुकारा

नगरच्या चर्चमागं होल्डन वकिलाची कबर आहे. विलायतेतल्या गिरणीमालकाच्या घरात जन्मलेला हा माणूस इथं येऊन जन्मभर गोरगरिबांचे खटले फुकट लढला. त्याला जाऊन जमाना झाला, तरी नडलेली माणसं त्या दगडापाशी गाऱ्हाणं सांगायला येत.

बहात्तरच्या दुष्काळात, एका रखरखीत दुपारी, मुक्ताबाई कोर्टातून तडक तिथंच आली. तिचा नवरा बन्सी दुष्काळी कामावर दरडीखाली गाडला गेला होता. मुकादम म्हणे, तो त्या दिवशी कामावर नव्हताच, मग भरपाई कसली. सकाळी देवळात जावं तशा कोर्टाच्या दाराशी चपला काढून ती आत गेली होती. साक्षीदारांचा तीनतीनदा पुकारा झाला. कुणी आलं नाही. खटला तिथंच संपला.

"सायेब, माझ्या बाजूनं बोलाया कुनीबी न्हाई हो," दगडावर कपाळ टेकून ती म्हणाली.

दगडाखालून कोर्टाच्या शिपायासारखी आरोळी आली, "बन्सी वलद रामा, हाजिर हो!"

"हाय जी," खालूनच उत्तर आलं. आवाज बन्सीचाच होता, तोंडात माती भरल्यासारखा.

मुक्ताबाईनं भोवती पाहिलं. आवारात चिटपाखरूही नव्हतं.

"मुक्ता भ्रतार बन्सी, हाजिर हो!"

पुन्हा तीच आरोळी आली, जरा जवळून.

गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुणी नावानं बोलावलं नव्हतं.

तिसरा पुकारा झाला. मुक्ताबाई उठली, डोक्यावरचा पदर सावरला आणि दगडापाशी तिनं चपला काढल्या.