मॅरेनचं कार्ड

"हे कार्ड इथेच राहू द्या, मिस्टर ब्रेके," जोलीन म्हणाली. "घराबरोबरच जाऊ दे."

आर्लो ब्रेके तळघराच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. "घर विक," ते म्हणाले. "कार्ड माझ्या बायकोचं आहे."

जोलीन म्हणजे मागच्या गल्लीतल्या सोरमांची मुलगी. घरं विकायचा परवाना मिळून तिला वर्षही झालं नव्हतं. ती कोपऱ्यातल्या पांढऱ्या पाइपपाशी उभी होती. पाइप फरशीखालून निघून छपरातून बाहेर जात होता आणि माळ्यावर त्याला पंखा जोडलेला होता. जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी रेडॉन वायू ओढून बाहेर टाकायचा, एवढंच त्या पंख्याचं काम. पाइपवर छातीच्या उंचीला पुठ्ठ्याचं मोठं कार्ड चिकटवलेलं होतं, बारीक अक्षरांनी भरलेलं.

"आयोवात आता गिऱ्हाईक पहिला प्रश्न रेडॉनचाच विचारतं," जोलीन म्हणाली. "पाइप नसला तर किंमत पाडून मागतात. असला तर गप्प बसतात. आणि इथे तर बारा वर्षांची दर महिन्याची नोंद आहे. ही बघून कुणी दोन हजार डॉलर जास्त देईल. आमचे बाबा गाडीतलं तेलसुद्धा बघत नाहीत."

"तुझे बाबा पेट्रोलही बघत नाहीत. मागच्या हिवाळ्यात गाडी मीच ढकलली."

जोलीन हसली. कार्डाच्या वर काचेची वाकवलेली नळी होती, यू अक्षरासारखी, आत लाल पाणी. "ह्यातलं मला काही कळत नाही. तपासनीस येईल तो बघेल."

"कळायचंय काय त्यात? दोन्ही बाजूंचं पाणी सारखं आहे ना? म्हणजे झालं."

चाळीस वर्षं आर्लोंनी सुतारकाम केलं होतं. पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध आला की पुढची फळी. मॅरेनलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

जोलीन वाचू लागली. "पहिले आठ महिने 'सारखं नाही' लिहिलंय."

"नवीन वस्तू. बसायला वेळ लागतो. तीही घाबरली होती. पाइपवाल्याला फोन कर म्हणाली. मी म्हटलं, थांब, मार्गावर येईल. आणि आलं." आर्लोंनी नवव्या महिन्याच्या रकान्याकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं, 'सारखं झालं' आणि पुढे एक हसरा चेहरा. "त्या दिवशी तिने खुशीत रूबार्बचा केक केला. पंखाही आधी घरघरायचा, तो शांत झाला. म्हणाली, घराला रुळला बिचारा."

"नंतर वायूची चाचणी कधी केलीत?"

"बसवला त्या आठवड्यात. आकडा चांगला होता. पुढे कशाला? कार्ड होतं ना."

मॅरेनचं शिवणयंत्र अजून पाइपशेजारीच होतं. गोधड्या शिवायला ती सकाळी नाश्ता करून खाली यायची, ती जेवायलाच वर. वरच्या मोकळ्या खोलीला खिडकी पाडून दे, तिथे शिवेन, असं तिने किती वेळा म्हटलं असेल. आर्लो गावभर खिडक्या बसवत फिरले, घरातली राहिली. खाली उजेड बरा आहे की, असं ते म्हणत.

तिने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. फुफ्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी रेडॉनचं विचारलं होतं. आमच्याकडे पंखा आहे, दर महिन्याला बघतो, असं आर्लोंनी थोडं तोऱ्यातच सांगितलं होतं.

शेवटची नोंद मार्चची होती. अक्षर हललेलं. 'सारखं. ठीक.'

"त्या महिन्यात तिला जिना उतरवत नव्हता," आर्लो म्हणाले. "मी म्हटलं, मी बघून सांगतो, तू वरच बसून लिही. ऐकेना. पायऱ्यांवर बसत बसत आली."

जोलीनने फोन काढला. "मी फोटो काढून घेते. गिऱ्हाइकाला फोटो दाखवीन. कार्ड तुम्ही न्या."

"मग किंमत कमी येईल."

"येऊ दे."

"मग तू कसली घरं विकणार," आर्लो म्हणाले, पण तिचा हात त्यांनी धरून ठेवला.

ती गेल्यावर ते हत्यारांच्या पेटीतून पातळ पट्टी घेऊन आले. मुलीकडे डुलुथला न्यायच्या सामानात त्यांनी फार काही घेतलं नव्हतं. मॅरेनचा चष्मा, एक गोधडी आणि आता हे. कार्ड त्यांनीच चिकटवलं होतं, पाणसळ लावून, अगदी सरळ. पाइपवाल्याने त्या जागी स्वतःचा एक कागद वाकडा डकवून ठेवला होता. वाकडं काही त्यांना बघवत नसे. म्हणून कार्ड त्याच्यावरच लावलं होतं.

पट्टी त्यांनी कडेने हळूहळू सरकवली. मॅरेनचं एकही अक्षर फाटू द्यायचं नव्हतं. कार्ड अखंड निघालं. खालचा कागद बारा वर्षं झाकलेला असल्यामुळे अगदी नव्यासारखा होता. आर्लोंनी चष्मा लावला.

'नळीतलं पाणी एका बाजूला वर, एका बाजूला खाली असेल तर पंखा चालू आहे. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर पंखा बंद पडला आहे. ताबडतोब फोन करा.'