बेटावरचा मारोती

"नवरदेव पाण्यातून न्यायचा नाही," धरणाच्या काठावर उभं राहून पंजाबरावांनी ठणकावलं. ते नवरदेवाचे वडील. समोर पाण्यात एक लहानसं बेट होतं. त्यावर एक कडुनिंब, त्याखाली शेंदराचा मारोती, बगळे, आणि माणूस एकही नाही.

बेट कसलं, टेंभुरखेडची टेकडीच ती. धरण भरलं तेव्हा खालची घरं, फुलांचे मळे, विहिरी सगळं पाण्यात गेलं. टेकडी तेवढी उरली. सरकारने नकाशात लिहून टाकलं, निर्जन बेट. लिहायला काय जातं? नवरी हर्षा पुनर्वसनातल्या पत्र्याखाली जन्मली. पण गावच्या मारोतीपुढे नारळ फोडूनच नवरदेवाने मांडवात यायचं, ही टेंभुरखेडची रीत तिला पाठ होती. पुनर्वसनात टाइल्सचं नवं देऊळ झाल्यापासून पोरी तिथेच भागवून घेत. हर्षाला ते भागवणं मंजूर नव्हतं.

"पोरगी हट्टी हाये, पाहुणे," तिचे वडील किशोर हात जोडून म्हणाले. "नव्या मारोतीवर चालते."

"नाही चालत." हळदीच्या अंगाने हर्षा पुढे आली. "गाव बुडालं, देव नाही बुडाला. तिथं नारळ फुटल्याबिगर मी बोहल्यावर चढत नाही. वरात वापस गेली तरी चालते."

नवरदेव अंकुर हर्षाला मनापासून आवडला होता. पण या अमरावतीकर पाहुण्यांचा तोरा तिने बैठकीतच पाहिला होता. मूळ गाव विचारलं, तर पंजाबरावांनी "आता अमरावतीच" म्हणून विषय तोडला होता. असल्या माणसापुढे आज वाकलं की जन्मभर वाकावं लागेल, हे तिला कळत होतं.

फेटा सावरत अंकुर काठाला बांधलेल्या डोंग्यात जाऊन बसला.

पंजाबरावांनी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी पायातले जोडे काढून काठावर ठेवले.

"मामाजी, जोडे राहू द्या," हर्षा जरा नरमून म्हणाली. "देऊळ तिकडं बेटावर हाये."

"तुमचं तिकडं हाये, पोरी," पंजाबराव म्हणाले. "आमच्या गावचं मधात पाण्याखाली हाये. डोंगा त्याच्यावरूनच जाते."