टेपचं दुसरं टोक

बाबांनी माप घ्यायचं लेझर यंत्र विकत आणलं, तेव्हा मी वैतागलेच. घरच्या घरी चार फळ्या ठोकणाऱ्या माणसाला हे चोचले कशाला? चांगली टेप होती की.

"टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं," बाबा म्हणाले.

ते काम आयुष्यभर आईने केलं होतं, अगदी ती जाईपर्यंत. समोरच्या भिंतीला पाठ टेकून, "झालं का हो?" असं दर मिनिटाला विचारत.

आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी बसवायची होती. बाबांनी यंत्राच्या मापाने कापली आणि ती वीतभर आखूड पडली. चांगल्या लाकडाचं वाटोळं झालं. मग मी यंत्र घेऊन घरभर फिरले. बाकी सगळीकडे ते टेपशी केसाचाही फरक दाखवत नव्हतं. आतल्या खोलीतल्या समोरच्या भिंतीवर रोखलं की मात्र वीतभर कमी. लाल ठिपका तर भिंतीवर स्वच्छ दिसत होता.

"डबडं आहे हे. उद्या दुकानात परत देऊन टाका," मी म्हटलं.

"थांब. पुन्हा दाब बटण."

यंत्र माझ्याच हातात होतं. आकडा तोच आला, वीतभर कमी.

बाबा त्या रिकाम्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "झालं गं. सरक आता."

 

मी परत बटण दाबलं, आणि माप टेपशी तंतोतंत जुळलं.